हाकेला पुरेल असं नाव

दिवस मावळतीला गेला की नायगावच्या शिवारात हाका सुरू होतात. एका आखाड्यावरून गड्याला, दुसरीकडून लाल कंधारी गायीला, आणि मधूनच कुत्र्याला. मोत्या, काळ्या, लाल्या, वाघ्या, राज्या, चंपी. आणि तितक्याच सहज टायगर, टॉमी, रॉकी, ब्रूनो. टायगर हे नाव साहेबाच्या भाषेतून आलंय, हे हाक मारणाऱ्याच्या मनातही येत नाही. बांधावरून 'टायगऱ्याऽ' अशी आरोळी गेली की ते नाव इथल्या काळ्या रानाचं होऊन जातं. शेवटी 'या' जोडला की नाव घरात आलं, मग ते माणसाचं असो की जनावराचं.

म्हणूनच सातवीतल्या पुतणीनं पावसाळ्यात दारात येऊन बसलेल्या पिलाला जपानी नाव ठेवायचं म्हटलं, तेव्हा मला ते खूळ वाटलं नाही. घरातली बाकीची मंडळी मात्र एकमेकांकडं बघत राहिली. पिलू मादी, गावठी, कान अजून पडलेले, रंग ज्वारीच्या वाळल्या कडब्यासारखा. आमची आई ओट्यावरून म्हणाली, "मोती म्हणा की. चांगलं नाव हाय."

पोरीकडं जपान आला तो टीव्हीतून. शिनचॅन आपल्याकडं 2006 पासून हिंदीतून दिसतो. त्याच्या घरात एक पांढरं पिलू असतं, शिरो. शिरो म्हणजे पांढरा. आमच्या गल्लीत तो 'पांढऱ्या' म्हणून सहज खपला असता. पुढं फोन आला आणि त्यातून काबोसू आली. तिरक्या नजरेनं बघणारी ती शिबा जातीची कुत्री, जिचं चित्र जगभर फिरलं. ती खरी होती. जपानातल्या साकुरा गावात एका शिक्षिकेनं 2008 साली तिला दत्तक घेतलं. चेहरा गोल, म्हणून काबोसू नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळावरून तिचं नाव ठेवलं. 2024 च्या मे महिन्यात ती गेली, तेव्हा आमच्या पोरीनं त्या रात्री नीट जेवण केलं नाही. परक्या देशातल्या कुत्रीसाठी नायगावात एक घास मागं राहतो, हे मला लहान वाटत नाही.

मी तिला एकच म्हटलं. नाव कुठलंही ठेव, पण ते आधी दारात उभं राहून हाक मारून बघायचं.

जपानी नावं हाकेला फार चांगली. बहुतेक स्वरावर संपतात, त्यामुळं शेवटाला आवाज हवा तेवढा लांबवता येतो. शिरो, कुरो, हारू, सोरा, कोतारो. मराठीला जड असं त्यात काही नाही. तरीही एकेक नाव दारातच अडखळलं. तिला सगळ्यांत आवडलं होतं हाना. हाना म्हणजे फूल, आणि जपानात ते कुत्रीमांजरीचं लाडकं नाव. आता आमच्याकडं 'ण' आणि 'न' बोलण्यात एकच. भर गल्लीत कुणी 'हाना! हाना!' ओरडलं, तर ऐकणारा काठी शोधील. एखाद्या जिवाचं नावच त्याला मारायला सांगणारं व्हावं, हे नको वाटलं. तोराचा अर्थ वाघ, म्हणजे आपला वाघ्या आणि आपला टायगरच. पण मराठीत तोरा मिरवतात, आणि हे पिलू तर शेपूट पायांत घालून बसलेलं. यूकी म्हणजे बर्फ. बर्फ इथं रसवंतीवर दिसतो, तेवढाच. मोमो म्हणजे पीच नावाचं फळ, पण त्या नावाच्या गाड्या आता नांदेडात चौकाचौकात उभ्या असतात.

हाकेचा एवढा आग्रह का, ते सांगतो. कुत्र्याचं नाव घरातल्या चौघांपुरतं नसतं. गावात ते कुत्र्याचं संरक्षण असतं. बिननावाच्या कुत्र्याला कुणीही दगड घालतो. 'अरं, ती अमक्याची चंपी हाय' असं एकानं म्हटलं की उचललेला हात खाली येतो. हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून नाव असं हवं की भाजीवाल्या मावशीला, पाण्याच्या जारवाल्याला, एस.टी. स्टँडवरच्या हमालाला, सगळ्यांना ते तोंडात बसावं. जितकी तोंडं ते नाव घेतील, तितकं ते पिलू सुखरूप.

आणि आमचा मुलूख तर कुत्र्याला मान देणारा. लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट येतातच, शिवाय तिथं जातिवंत कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. लांब तोंडाची, पोट आत गेलेली कारवानी कुत्री घेऊन लोक लांबून येतात. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेत. कोटंब्यात वाढलेलं भुंकत भुंकत खाण्याची रीत होती, आणि त्यात कमीपणा नव्हता, सेवा होती. तिकडं माहूरच्या शिखरावर दत्त, त्याच्या पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणून पुजलेली. तसबिरीला हार घालणारा हातच बाहेर येऊन दगड उचलतो, हे मला लहानपणापासून सलत आलंय. पुतणीला नावाची घाई का झाली होती, ते मला यातून कळत होतं. पिलाच्या पाठीवर एक जखम होती.

मग तिनं हाची म्हटलं, आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

हाचीची गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे, पण ती बहुधा अर्धीच सांगतात. 1923 च्या नोव्हेंबरात उत्तर जपानात ओदाते गावाजवळ हा अकिता जातीचा कुत्रा जन्मला, आणि पुढच्या वर्षी रेल्वेनं तोक्योला हिदेसाबुरो उएनो यांच्या घरी आला. हाची म्हणजे आठ. त्याला पुढं लाडानं आणि आदरानं हाचिको म्हणू लागले. उएनो हे तोक्योच्या विद्यापीठात प्राध्यापक, आणि विषय शेतीचा: शेतातलं पाणी कसं काढावं, तुकड्यातुकड्यांची रानं एकत्र कशी आखावीत. पावसाळ्यात सोयाबीनच्या मुळाशी पाणी साचून पीक पिवळं पडताना बघणाऱ्या आमच्यासारख्यांना तो माणूस परका वाटू नये. 21 मे 1925 रोजी विद्यापीठातच मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. हाची शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला, 8 मार्च 1935 ला स्वतः मरेपर्यंत.

राहून जाते ती मधली वर्षं. स्टेशनवर त्या कुत्र्याला लोकांनी हुसकलं, मारलं, त्याच्या तोंडावर रंग फासून मजा केली. तो कुणाचा, कशासाठी येतो, हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. हिरोकिची साइतो नावाचा एक माणूस जपानी जातींची कुत्री टिकावीत म्हणून झटत होता. त्यानं पुढाकार घेतला, आणि 1932 च्या ऑक्टोबरात असाही या वर्तमानपत्रात हाचीची हकीकत छापून आली. तिथून सगळं पालटलं. ज्या स्टेशनात त्याला लाथा बसत, तिथंच त्याला खाऊ मिळू लागला. 1934 च्या एप्रिलमध्ये तेरू आंदो यांनी घडवलेला त्याचा पुतळा उभा राहिला, आणि तो बघायला हाची स्वतः हजर होता. युद्धात तो पुतळा धातूसाठी वितळवला गेला. 1948 साली त्याच शिल्पकाराच्या मुलानं, ताकेशीनं, नवा घडवला. कुत्रा तोच होता, वाट बघणंही तेच होतं. लोकांना नाव कळलं, एवढाच फरक पडला.

हे सगळं सांगून झाल्यावरही मी तिला म्हटलं, हाची नको.

नायगावात रेल्वे नाही. पण वाट बघणारी कुत्री आमच्या भागात पुष्कळ आहेत. दिवाळी झाली की मुखेड, कंधार, किनवटकडच्या तांड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. कुत्रं कधी चढवून घेतात, कधी जागा पुरत नाही. मग ते ट्रॉलीच्या मागं पळतं. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत पळतं आणि तिथं थांबतं. चार-पाच महिने ते कुलूप लावलेल्या दारापुढं बसून राहतं; शेजारची म्हातारी टाकील त्या तुकड्यावर जगतं. उन्हाळा तोंडावर आला की माणसं परत येतात, आणि त्या दिवशी तांड्यावर कुत्र्यांचा जो गलबला होतो, तो ऐकलेला माणूस विसरत नाही. काही दारं त्या वर्षी उघडत नाहीत. हाची हे नाव मला त्या बंद दारांपुढचं वाटतं. आजच दारात आलेल्या पिलाच्या कपाळावर इतकी वाट बघणं आपण होऊन कशाला लिहायचं?

पोरीला ते पटलं. तिनं वही मिटली आणि पिलाला भाकर चारायला घेतली. नाव तिथंच होतं, भाकरीत.

जपानी माणूस आपल्या कुत्र्यामांजरांना धान्याची नावं फार प्रेमानं देतो. मुगी म्हणजे गहू, बार्ली. मामे म्हणजे दाणा, शेंगेतला. अझुकी हे तांबडं कडधान्य आपल्या मुगाउडिदाच्याच कुळातलं. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, आणि बदामी रंगाच्या कुत्र्याला हे नाव तिकडं हमखास. सोयाबीनवर तर नांदेड-लातूरचं सगळं गणित उभं आहे, तेव्हा किनाकोवर मी बराच वेळ रेंगाळलो. पण तीन अक्षरांना आमच्या आईची जीभ वळेना.

मग किबी. किबी हे वरीच्या जातीचं बारीक पिवळं धान्य. ज्वारीलाही जपानीत ताकाकिबी म्हणतात, उंच वाढणारी किबी. आणि या धान्यामागं एक गोष्ट आहे. पीचच्या फळातून जन्मलेला मोमोतारो राक्षसांच्या बेटावर निघतो. म्हातारी आई त्याला किबीचे लाडू बांधून देते. वाटेत पहिला भेटतो तो कुत्रा. तो एक लाडू मागतो, मोमोतारो देतो, आणि कुत्रा त्याच्यासोबत चालू लागतो. माकड आणि रानकोंबडा नंतर येतात. पहिला सोबती कुत्राच. ओकायामा शहराच्या स्टेशनासमोर या सगळ्यांचा पुतळा आहे. हे ओकायामा म्हणजे तेच, ज्याच्या मैत्रीखातर पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानी धाटणीची बाग झाली, जिला आज पु. ल. देशपांड्यांचं नाव आहे. तो सगळा प्रांत जुन्या काळी किबी म्हणूनच ओळखला जाई, आणि किबीचे लाडू ही आजही तिथली खासियत.

ही गोष्ट ऐकताना आमची आई मध्येच म्हणाली, "आपल्या नामदेवाचंच की हे." मला ते सुचलं नव्हतं. कुत्र्यानं भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. (नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यातली, आमच्या तालुक्यातली नर्सी वेगळी. पण इथली म्हातारी माणसं दोन्ही गावं एकाच भावानं उच्चारतात.) दोन्ही गोष्टींत मध्ये एक कुत्रं आणि एक भरड धान्याचा घास. तिथं घास देऊन सोबत मिळाली. इथं घास पळवणाऱ्यातच विठ्ठल दिसला. मला आईचं बोट जिथं गेलं ते अधिक मोलाचं वाटतं, कारण नामदेवांनी त्या कुत्र्याकडून काहीच मागितलं नाही.

नाव ठरलं ते असं. बारसं पोरीनंच केलं. बारशाला घुगऱ्या लागतात म्हणून आईनं हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, गल्लीतल्या लेकरांना वाटल्या, आणि पिलाच्या कानात 'कुर्रर्र' म्हणायला सगळी एकदम वाकली तेव्हा ते घाबरून कणगीमागं गेलं. दुसऱ्या दिवशीपासून मराठी त्या नावावर आपलं काम करू लागली. चंपीची हाक चंपे, मनीची मने, तशी किबीची किबे. आई म्हणते, "किबे, ये माय, खा." जारवाला म्हणतो, "किबी, सरक गं." भाजीवाल्या मावशी तिला खिबी म्हणतात, आणि किबी त्यालाही शेपूट हलवते.

तीन महिन्यांची झाल्यावर तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून आणली. कार्डावर जात गावठी, रंग पिवळसर, नाव किबी. तिथल्या माणसानं नाव दोनदा विचारून घेतलं, तेव्हा पोरीनं त्याला मोमोतारोची सगळी गोष्ट सांगितली, रांगेतल्या शेळीवाल्यांनीही ऐकली. पुढच्या वर्षीच्या लसीची तारीख तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागं लिहून ठेवली आहे.

पाठीवरची जखम भरली. आता मागच्या गल्लीतल्या एका पोरानं काळं पिलू आणलंय आणि तोही नाव विचारायला आला होता. कुरो ठेवू की गोमा? कुरो म्हणजे काळा, गोमा म्हणजे तीळ. पुतणीनं त्याला सांगितलं, गोमा नको, बायांना गोम आठवंल आणि चपला निघतील. कुरो चालंल, पण आधी चौकातल्या टपरीपर्यंत हाक मारत जा, आणि टपरीवाल्याला म्हणायला लाव.

तो पिलू काखेत घेऊन तसाच निघाला.