सही न करणारे

सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याहून बारडोलीकडे निघालं की दोन्ही हातांना ऊस लागतो. मधूनच कापड रंगवणाऱ्या मिलचं धुराडं, आणि पावसाळा नसतानाही अंगाला चिकटणारी हवा. कडोदऱ्याच्या चौकात अहिराणी इतकी सर्रास कानावर पडते की आपण धुळ्याच्या एसटी स्टँडवर उतरलो की काय, असं वाटावं. हा मुलूख एकेकाळी गायकवाडांचा. पलसाणा बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतात, बारडोली मात्र इंग्रजांची. उसाला हद्द कळत नाही, साऱ्याला कळते. इंग्रजांनी बारडोलीचा शेतसारा 22 टक्क्यांच्या आसपास वाढवला आणि 1928 मध्ये वल्लभभाई पटेलांच्या शब्दावर शेतकरी तो न भरता बसून राहिले. पुढे 1930 च्या कायदेभंगात तर बारडोलीची माणसं घरांना कुलपं लावून, गुरंढोरं घेऊन बडोद्याच्या हद्दीत राहायला आली.

वल्लभभाईंचं नाव निघालं की माझं मन इथून थेट नगरच्या भुईकोट किल्ल्यात जातं. तिथली हवा इथल्या अगदी उलट. कोरडं वारं, काळा दगड, भोवती खंदक. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना इथे आणलं. नेहरू, आझाद, पटेल, नरेंद्र देव, शंकरराव देव. नेहरूंचं इतिहासावरचं पुस्तक इथलं, आझादांची न धाडलेली पत्रंही इथलीच. किल्ला आजही लष्कराकडे आहे, पण पाहुण्याला नगरकर हौसेने आत नेतो तो नेहरूंची खोली दाखवायला. त्या खोलीबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्या आधी चाळीस वर्षं इथे आलेल्या कैद्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, ते मात्र मला खटकतं.

ते बोअर होते. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात इंग्रजांच्या हाती लागलेले डच वंशाचे शेतकरी. त्यांना देशात ठेवणं धोक्याचं, म्हणून सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि 1901 पासून हिंदुस्थान. आपल्याकडे सुमारे 9,000 जण आले. नगर, सातारा, अंबाला, त्रिचनापल्ली अशा छावण्यांत वाटले गेले. तिकडे मागे त्यांची शेतं जाळलेली, बायकामुलं काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेली. त्या छावण्यांत रोगराईने आणि उपासमारीने हजारो मुलं दगावली.

31 मे 1902 ला तह झाला. आता घरी जायचं, अट एकच: इंग्रजांच्या राजाशी एकनिष्ठ राहीन, एवढं लिहून द्यायचं. बहुतेकांनी दिलं. काहींनी नाही दिलं. युद्ध संपलेलं, त्यांचं प्रजासत्ताक नकाशावरून पुसलेलं, ज्याच्यासाठी अडून बसायचं ते उरलेलंच नाही. तरी ही माणसं नगरच्या उन्हात बसून राहिली. अखेर 1903 मध्ये त्यांचाच सेनापती कूस द ला रे समजूत घालायला हिंदुस्थानात आला. तहाच्या कागदावर त्याची स्वतःची सही होती. ज्यांनी एकेकाळी त्याचे हुकूम झेलले, त्यांना आता तो म्हणत होता, बाबांनो, करा सही आणि चला. बरेच जण गेले. थोडे तरीही हलले नाहीत.

अशा माणसांपुढे हात जोडावेत असं वाटतं, आणि जोडवत नाहीत. कारण सुरत जिल्ह्यातल्या गावोगावची माणसं तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये दुकानं थाटून होती, आणि ह्याच बोअरांच्या राज्याने 1885 चा कायदा करून त्यांना नागरिकत्व नाकारलं होतं, ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घ्यायला बंदी घातली होती. हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचं निमित्त लढाईसाठी इंग्रजांनीही पुढे केलं. लढाई जिंकल्यावर 1906 मध्ये त्यांनी काय केलं? आशियाई माणसाने सरकारदरबारी नाव नोंदवावं, बोटांचे ठसे द्यावेत, असा वटहुकूम काढला! तेव्हा गांधींच्या मागे उभ्या राहिलेल्यांत गुजराती दुकानदार होते. त्यांनी ठसे द्यायचं नाकारलं, तुरुंगात गेले. ज्या साम्राज्यापुढे बोअर नगरमध्ये वाकला नाही, त्याच साम्राज्यापुढे ट्रान्सवालमध्ये सुरती वाकला नाही. दोघांना एका पंगतीला बसवलं असतं तर बोअर ताटावरून उठून गेला असता, हेही खरंच.

नगरला कैदी येतच राहिले. पहिल्या महायुद्धात जर्मन, त्यांत व्यापारी आणि मिशनरीही. 1939 नंतर पुन्हा जर्मन आणि ऑस्ट्रियन. गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांतलाच. नगरहून देवळाली, तिथून देहरादून, आणि 1944 मध्ये तिथून पळून तिबेट. त्याच्यावर सिनेमा निघाला. नगरच्या बोअरांवर नाही. पळालेल्याची गोष्ट होते, बसून राहिलेल्याची होत नाही.

आणि द ला रे? 1914 मध्ये दक्षिण आफ्रिकेने इंग्रजांच्या बाजूने जर्मनांवर चालून जायचं ठरवलं, तेव्हा त्याने विरोध केला. 15 सप्टेंबरच्या रात्री जोहान्सबर्गजवळ, दरोडेखोरांसाठी लावलेल्या नाक्यावर त्याची मोटार थांबली नाही आणि पोलिसांच्या गोळीने तो गेला. ती गोळी चुकून लागली यावर त्याच्या लोकांनी कधी विश्वास ठेवला नाही. काही आठवड्यांत त्यांतले हजारो जण पुन्हा बंदुका घेऊन उठले, आणि या वेळी त्यांना मोडून काढायला सरकारच्या बाजूने उभा होता तोही एक बोअरच, तहावर द ला रेच्या सोबतीने सही करणारा लुई बोथा.