ताम्हिणीच्या रानात दोघे

मराठीचा प्राध्यापक आणि पक्षी यांचा संबंध तसा जुना. पण तो कागदावरचा. चातक, चकोर, चक्रवाक, राजहंस ही मंडळी गेली वीस वर्षे माझ्या वर्गात नेमाने हजेरी लावीत आहेत. ज्ञानदेवांच्या विराणीतला कावळा तर दरसाल परीक्षेलाही बसतो. पण खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेला पक्षी कोणता, असे कोणी विचारलेच तर माझे उत्तर ठरलेले असे, "हिला विचारा."

ही म्हणजे आमच्या सौ. पक्ष्यांचे वेड तिने माहेराहून आणले. भांडीकुंडी आणि रुखवताबरोबर एक जुनी दुर्बीणही आमच्या घरी आली, आणि भांडी गेली तरी दुर्बीण टिकून आहे. आम्ही मारुंजीला राहावयास आलो तेव्हा इमारतीच्या मागे शेते होती. रात्री टिटवी ओरडत जाई, पहाटे भारद्वाज घुमे. पुढे हिंजवडीच्या कारखान्यांचे आणि कचेऱ्यांचे लोण इकडे पसरले, शेतांचे भूखंड झाले, भूखंडांवर बावीस मजले चढले. तरीही हिची वही रिकामी राहत नसे. स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता ती म्हणे, "शिंपी आला हो जास्वंदीवर." मी जाऊन पाहावे तो शिंपी खरोखरच जास्वंदीवर. पाठ फिरवून, लाटणे न थांबवता, नुसत्या आवाजावरून! मला त्याचे कौतुक वाटे आणि थोडा हेवाही.

गेल्या वर्षी श्रावणात एके सकाळी गॅलरीतल्या कुंडीवर शिंजिर येऊन बसला. एवढासा जीव, पण चिवचिवाटाने त्याने गॅलरी डोक्यावर घेतली होती. ही तीन हातांवर भाजी निवडीत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटले, रागावली आहे. मी म्हटले, "अगं, तुझा पाहुणा आलाय." तिने वर पाहिले, शिंजिर पाहिला, त्याची उघडमीट होणारी चोच पाहिली, आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

डॉक्टरांनी यंत्रे लावून तपासले आणि कागदावर एक रेघ काढून दाखविली. डावीकडे ती सपाट होती. उजवीकडे कड्यावरून दरीत कोसळावी तशी खाली गेली होती. कानातली नस दुबळी होत चालली होती. माणसांचे बोलणे पुष्कळसे ऐकू येईल, पण वरच्या पट्टीतले बारीक आवाज प्रथम जातील. श्रवणयंत्राने मदत होईल, गेलेले परत येणार नाही. डॉक्टर समजुतीने म्हणाले, "रोजच्या व्यवहाराला फारसे अडणार नाही." त्यांना काय ठाऊक, की या बाईचा रोजचा व्यवहार त्या वरच्या पट्टीतच चालत असे!

तेव्हापासून वही कपाटात गेली.

यंदा जूनच्या आरंभी कॉलेजला सुट्टी होती. मी धीर करून म्हटले, "दोन दिवस ताम्हिणीला जाऊ या का?"

"मी येऊन काय करू?" ती म्हणाली. "माळावर डोळ्यांनी भागतं. दाट रानात डोळ्यांचं काम दोन आणे, चौदा आणे कानांचं. चौदा आण्यांनी दिवाळं निघालेल्या बाईला कशाला नेता?"

"चौदा आणे मी घालतो," मी म्हटले. बोलून गेलो खरा. पण माझ्या खिशात छदाम नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते.

मारुंजीहून हिंजवडी, माण, घोटवडे करीत पिरंगुटजवळ पौडचा रस्ता लागतो. पौड मागे पडले की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात, आणि माले गावानंतर मुळशीचे पाणी दिसते. पाणी मोठे देखणे आहे. पण त्याच्या तळाशी मावळातली गावे, देवळे आणि भातखाचरे आहेत. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये येथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्याचे पुढारी. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि हरला. धरण झाले, आणि पूर्वेला वाहत जाणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजघराकडे वळविले गेले. गाडी थांबवून आम्ही क्षणभर उभे राहिलो. काठावर एक बगळा आपल्याच प्रतिबिंबाकडे पाहत होता. बगळ्याला आवाज नव्हता, त्यामुळे आम्ही दोघेही सारखेच होतो.

ताम्हिणीचे रान हे पुण्याच्या माणसाला खरे न वाटणारे प्रकरण आहे. पुणे शहरात वर्षभरात सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीला २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला! अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे कड्यांवर आपटतात आणि ओझे टाकून हलके होऊन पुण्याकडे जातात. आपल्या वाट्याला येतो तो त्यांचा उरलासुरला प्रसाद.

एवढ्या पावसात खरे म्हणजे दक्षिणेतल्यासारखे आकाशाला भिडणारे सदाहरित अरण्य असावयास हवे. पण केरळकडे पाऊस वर्षाचे बरेच महिने पुरवून पुरवून पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत सारी मिळकत उधळतो आणि आठ महिने फिरकत नाही. म्हणून उघड्या उतारावर कारवी, करवंद आणि पानगळीची झाडे. परंतु ओल धरून ठेवणाऱ्या घळीत आणि देवाच्या नावाने राखलेल्या राईत मात्र अंजन, जांभूळ, पिसा अशी बारमाही हिरवी दाटी. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. तेथे भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखे वाटते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या निवडक भागांना जागतिक वारशाचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ताम्हिणीला अभयारण्य जाहीर झाले. पण राई त्याआधी कित्येक पिढ्या राखली गेली ती कुऱ्हाड चालविणाऱ्याला देवी शासन करील या भयाने. कायद्याच्या आधी येथे श्रद्धेने पहारा केला.

विंझाई देवीचे दर्शन घेऊन आम्ही जवळच एका घरी उतरलो. घरच्या बाईंनी नाचणीची भाकरी आणि पिठले वाढले. संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली, आणि अंधार पडताच समोरचे झाड हळूहळू पेटले. काजवे! एक लुकलुकला, दहा लुकलुकले, मग सगळे झाड एकाच श्वासाने उजळू आणि विझू लागले. नरांनी माद्यांना घातलेली ही साद. ही कितीतरी वेळ हात जोडल्यासारखे धरून पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं आहे यांचं. हाका मारतात, पण कानांचा संबंध नाही."

अंगणात बसून मी तिला सलीम अलींची गोष्ट सांगितली. तिला ती माझ्याहून चांगली ठाऊक होती. पण नवऱ्याने सांगितलेली ठाऊक गोष्ट ऐकून घेणे हा संसाराचा भाग आहे. १९१८ मध्ये त्यांचे तेहमीना यांच्याशी लग्न झाले. १९३० मध्ये नोकरी नसताना ही दोघे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिली आणि तेथे सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या अरण्यांत पाहणी झाली, तेव्हाही तेहमीना तंबूत बरोबर होत्या. १९३९ मध्ये त्या गेल्या. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे घराघरांत पोहोचलेले पुस्तक निघाले ते १९४१ साली.

"आणि ते गेले १९८७ ला," ही म्हणाली. "म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी एकट्यानं पाहिलं." थोडा वेळ थांबून ती पुढे म्हणाली, "तुम्हाला नुसतं ऐकायचंच आहे. उद्या साडेपाचला उठा."

साडेपाचला आम्ही राईच्या कडेला होतो. यंत्र तिने खिशात ठेवले होते. वाऱ्यात ते नुसते घरघरते, अशी तिची तक्रार. मी डोळे मिटून उभा राहिलो. प्रथम सगळा एकच कलकलाट; लग्नघरात शिरल्यासारखे. मग हळूहळू त्यातले एकेक माणूस वेगळे होऊ लागले.

"सांगा," ती म्हणाली.

"डावीकडे, वर. कोणीतरी दोन गारगोट्या एकमेकींवर आपटतंय. चिक्, चिक्, चिक्."

"बारीक का? अगदी बारीक? फुलटोच्या असेल. बांडगूळ आहे का त्या झाडावर?"

बांडगूळ होते, आणि त्यात अंगठ्याएवढा फुलटोच्याही होता. बांडगुळाची चिकट फळे खाऊन त्याच्या बिया झाडोझाड पोहोचविणारा हाच. वीस वर्षे मी उपमा अलंकार शिकविला. पण एखाद्या उपमेने नेमकी वस्तू हाती लागलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

मला चेव चढला. "उजवीकडे शीळ. सू-ई, सू-ई. रेशमी कापड ओढल्यासारखी." तिने दुर्बीण फिरविली तो शेंड्यावर निखारांचा थवा, नर विस्तवासारखे लाल, माद्या पिवळ्या. मग मी एकाच झाडावर तीन निरनिराळे पक्षी ऐकले आणि तिघांचे सविस्तर वर्णन केले. पहिला शिकऱ्यासारखा किंचाळत होता, दुसरा मांजरासारखा, आणि तिसरा बासरीवाल्याने सूर जुळवून पाहावा तसा. ती बराच वेळ झाड न्याहाळीत होती. एकाएकी तिला हसू फुटले. कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती.

"एकच आहे हो! भृंगराज. शेपटीला दोन पिसं लोंबताहेत ती बघा. दुसऱ्यांचे आवाज काढून दाखवतो तो. तुम्हाला बनवलं!"

दहाच्या सुमारास शेकरूने दर्शन दिले. तांबूस पाठ, पिवळसर पोट, झुपकेदार शेपूट. त्याचा खडखडाट तिला सहज ऐकू आला. परतताना घळीच्या तोंडाशी ती थबकली.

"ऐकलंत?"

मी कान टवकारले. वारा, पाने, दूरवर एक रानकोंबडा. "काही नाही."

"आहे. खाली, जमिनीजवळ. हूंऽऽ... हूंऽऽ... रिकाम्या रांजणात कोणी तोंड घालून बोलावं तसं."

मी श्वास रोखला. आणि मग, अगदी तळातून, आवाजापेक्षा कंपच म्हणावा असे काहीतरी आले. दोन मिनिटांनी पाचू कवडा झाडाखालून चालत बाहेर आला. पंख हिरवेगार, चोच लाल. वरच्या सुरांच्या गर्दीत मी तो आवाज सकाळपासून बाजूला सारीत होतो. तिच्यापाशी ती गर्दी उरली नव्हती, म्हणून तो तिच्यापर्यंत पोहोचला. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "दोन आणे अजून खणखणीत आहेत म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस लागला. आम्ही इरले नव्हे, पण छत्री घेऊन ओढ्यापाशी गेलो. ज्याच्यासाठी ताम्हिणीला यायचे तो शीळकरी कस्तूर पाण्याच्या कडेला, खडकांत राहतो. निळा-काळा, खांद्यावर चमकदार निळा डाग. इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी' म्हटले, कारण तो चुकारपणे शाळा बुडवून निघालेल्या पोरासारखी, कोणत्याच ठरीव चालीत न बसणारी शीळ घालतो. घरधन्यांना मी आदल्या रात्री त्याचे इकडचे नाव विचारले होते. ते म्हणाले, "नावाचं काय, तो वाजू लागला की आम्ही राब केलेली रानं बघतो, पेरणीला झाली का."

उजाडता उजाडता तो गाऊ लागला. मी हिच्याकडे पाहिले. ती ओढ्याकडे तोंड करून, मान किंचित कलती धरून उभी होती. छत्रीवर पाऊस वाजत होता म्हणून तिने छत्री मिटली. आम्ही दोघे भिजत होतो.

शीळ थांबली. "आलं ऐकू?" मी विचारले.

"मधलं मधलं," ती म्हणाली. "ओढा वाजतोय ना. पाटीवरची अक्षरं पुसल्यासारखं. वाक्य लागत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही वाजवून दाखवा."

"मी?"

"सांगून नाही कळायचं हे. वाजवा."

मी पंचेचाळीस वर्षांचा, विभागप्रमुखाच्या वाटेवर असलेला गृहस्थ. शीळ घातल्याबद्दल विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढलेला. तिच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन, पावसात, मी त्या पक्ष्याची चाल जमेल तशी, खालच्या पट्टीत वाजविली. मध्येच ओठ चुकले, वारा नुसता फुसकन गेला. तिने डोळे मिटले होते. पक्षी पुन्हा गायला; मी पुन्हा वाजविले. तिसऱ्या खेपेस तिने बोट वर केले आणि पक्ष्याच्या चालीबरोबर ते हलू लागले. जेथे ऐकू येत नव्हते तेथे ती माझी शीळ आठवून भरीत होती.

मारुंजीला परतलो. वही कपाटातून बाहेर आली आहे. त्यात आता एक नवा रकाना आखलेला आहे, 'यांच्या कानाने'. फुलटोच्यासमोर माझ्या गारगोट्या आहेत, निखारासमोर रेशीम. काही ठिकाणी लाल शाईत 'चूक' असाही शेरा आहे. परीक्षक कडक आहे.

परवा संध्याकाळी मागच्या टेकडीवर पावशा ओरडू लागला. गॅलरीसमोर नव्या इमारतीचा पाया खणला होता आणि त्यात पावसाचे पाणी साचले होते.

"काय म्हणतोय?" तिने विचारले.

"पेरते व्हा, पेरते व्हा," मी म्हणालो.

"ते मला आलं ऐकू," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे का ते बघत होते."