कुत्र्याच्या खाण्यातली 'केमिकल' आणि माझी चूक

"डॉक्टर, तुमचं काम माणसांचं, पण एक विचारू का?" परवा एका आजींनी पिशवीतून कुत्र्याच्या खाण्याच्या पाकिटाचा कापलेला तुकडा काढला. बीएचए आणि ग्वार गम या नावांखाली पेनाने रेघा मारल्या होत्या. "हे विष तर नाही ना?"

मला हसता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच भीतीपोटी मी 'प्रिझर्वेटिव्ह नाही' असं छापलेलं दहा किलोचं पोतं आणलं होतं. ऐन जूनमध्ये ते सगळं प्लास्टिकच्या डब्यात ओतलं. ऑगस्टमध्ये आमचा बारा वर्षांचा मोती खाण्याकडे तोंड फिरवू लागला. मी म्हटलं, नखरे! वर दही घालून खायला लावलं. दोन दिवस उलट्या, जुलाब, मग सलाइन. पशुवैद्यांनी डबा उघडून नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. जुन्या शेंगदाणा तेलासारखा खवट वास. नक्की कारण हेच असं ते म्हणाले नाहीत, पण मला पुरेसं होतं.

कोरड्या दाण्यांवर चरबीचा थर फवारलेला असतो. हवेतला ऑक्सिजन लागला की ती खवट होते, उष्णतेने लवकर. बीएचए किंवा बीएचटी ही क्रिया मंदावतात. काही कंपन्या त्याऐवजी टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाचाच प्रकार वापरतात. तो तितका टिकाऊ नसतो. माझं पोतं बहुधा त्याच जातीचं होतं. ग्वार गम तर आपल्या गवारीच्या बियांचा; डब्यातल्या रश्शाला दाटपणा आणतो, आइस्क्रीममध्येही असतो.

म्हणजे सगळंच निर्धोक, असंही नाही. इथॉक्सिक्विन या पदार्थाचं कुत्र्यांच्या खाण्यातलं प्रमाण १५० वरून ७५ पीपीएमवर आणा, असं अमेरिकेच्या एफडीएने १९९७ मध्ये कंपन्यांना सांगितलं. युरोपने २०१७ मध्ये त्याची परवानगीच स्थगित केली. प्रोपिलिन ग्लायकॉल कुत्र्यांना चालतं, पण मांजरांच्या तांबड्या पेशींना बाधतं, म्हणून कुत्र्याचं खाणं मांजरापुढे ठेवू नये. आजींकडे मांजर नव्हतं.

"मग हे पाकीट टाकू नको ना?"

"फोडून किती दिवस झाले?"

"गणपतीत फोडलं होतं."

बाहेर दिवाळीचे कंदील लागले होते. म्हटलं, आजी, घरी गेल्यावर आधी वास घ्या.