सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स, आई!

'वुई रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड.' विमान कंपन्यांत नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी हे वाक्य घोटून घेत असावेत. फ्लाईट पाच तास लेट? रिग्रेट. बॅग दुसऱ्याच खंडात गेली? रिग्रेट. जेवणाच्या ट्रॉलीतलं व्हेज संपलं? व्हेरी व्हेरी रिग्रेट, वर एक गोड स्माईल. बोलणाऱ्याचा काही दोष नसतो, हे आपल्यालाही कळत असतं. म्हणून राग जास्त येतो. भांडायचं तर कोणाशी?

आपण हिंजवडी-खराडीवाले या सगळ्याला सरावलोय. ऑनसाईटच्या दोन-चार वाऱ्या झाल्या, की कुठल्या काउंटरवर किती आवाज चढवायचा याचं आपोआप ट्रेनिंग होतं. ईमेलमध्ये 'एस्कलेट' हा शब्द कितव्या ओळीत टाकायचा हेही आपल्याला ठाऊक असतं. पण आपल्या आयांचं काय? लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी सोळा-अठरा तास एकट्या उडणाऱ्या, पासपोर्ट पर्समधल्या पिशवीत आणि पिशवी कमरेला बांधून ठेवणाऱ्या आयांचं?

माझी आई तासगावची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ताईच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाली, एकटीच. फेब्रुवारीत तासगाव तालुक्यातला कुठलाच बागाईतदार घर सोडू शकत नाही. द्राक्षं उतरायला आलेली, व्यापारी दारात, उरलेल्या मालाचा बेदाणा करायची गडबड. बाबा तिला मुंबईपर्यंत सोडायला आले, तेही मोबाईलवर बागेतल्या माणसांना सूचना देत देत. टर्मिनल टूच्या दारातून तिकीट नसलेल्याला आत जाता येत नाही. तिथून पुढे आई आणि तिची व्हीलचेअर.

आता या व्हीलचेअरबद्दल सांगायलाच हवं. आईचे गुडघे एकदम ठणठणीत आहेत. घरापासून बागेपर्यंत ती रोज चालत जाते, वेळ पडली तर डोक्यावर पाटी घेऊन. तरी तिच्या तिकिटावर व्हीलचेअर होती. अमेरिकेला गेलेल्या बहुतेक मराठी आई-बाबांच्या तिकिटावर ती असतेच. कारण सोपं आहे. 'मला इंग्रजी येत नाही, मला पुढच्या गेटपर्यंत कुणीतरी हाताला धरून न्या' असं तिकीट काढताना सांगायची सोय सहसा सापडत नाही. म्हणजे 'मीट अँड असिस्ट' नावाचा एक प्रकार आहे, पण तो कुठे पैसे भरून मिळतो, कुठे मिळतच नाही, आणि वेबसाईटवर शोधायला बसलात तर रात्र जाते. व्हीलचेअर मात्र फुकट आणि एका टिचकीवर. मग काय, धडधाकट बायका खुर्चीत बसतात!

याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. आई गेली त्याच महिन्यात, १२ फेब्रुवारीला, एअर इंडियाच्या न्यूयॉर्क-मुंबई विमानातून उतरलेले ८० वर्षांचे एक गृहस्थ इमिग्रेशनपर्यंत चालत गेले आणि तिथेच कोसळले. खुर्ची एकच मिळाली होती, तीत त्यांच्या पत्नी होत्या. 'दुसरी येईपर्यंत थांबा' असं सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं पडलं. डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. त्या बातमीखाली लोकांनी लगेच 'उगाच व्हीलचेअर घेणारे' म्हणून सगळ्या आई-बाबांना झोडून घेतलं. मला ते पटलं नाही. ज्या कंपनीला कळणारा मदतीचा एकच शब्द 'व्हीलचेअर' आहे, तिच्याकडे माणूस दुसऱ्या कुठल्या शब्दात मदत मागणार?

असो. आईचं विमान मुंबईतूनच चार तास उशिरा सुटलं. कारण 'टेक्निकल'. मधल्या स्टॉपवरची पुढची फ्लाईट अर्थातच निघून गेलेली. (विमानतळाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते पुढे कळेलच.) पुढची सीट सतरा तासांनी. ज्यांना बोलता येत होतं ते काउंटरवर गेले, भांडले, हॉटेलची आणि जेवणाची कुपनं घेऊन पसार झाले. खुर्चीतल्या सहा-सात बायकांना 'स्पेशल असिस्टन्स' लिहिलेल्या कोपऱ्यात ओळीने लावून ठेवलं, जशा आपल्याकडे लग्नानंतर मांडवात खुर्च्या लावतात तशा. ढकलणाऱ्या पोराची शिफ्ट संपली, तो गेला. दुसरा आला नाही.

आई काही बोलली नाही. का बोलली नाहीस, असं नंतर विचारलं तर म्हणते, "कुनाला इचारू? समदी गडबडीत हुती. बसलो की मी तितंच." (आमच्या सांगली भागात बायका 'मी बसलो, मी आलो' असंच बोलतात. पुण्यात आल्यावर मला मुद्दाम बदलावं लागलं.)

तिच्याकडे फोन होता, पण रोमिंग नव्हतं. विमानतळाचं वायफाय फुकट होतं, पण त्याचा ओटीपी फोनवर येणार आणि फोनला रेंजच नाही! हे डोकं कुणी लावलं असेल त्याला साष्टांग नमस्कार. शेवटी शेजारच्या खुर्चीतल्या आणंदच्या एका बेननी आपल्या फोनवरून व्हॉट्सॲप कॉल लावून दिला. तोवर सहा तास झाले होते. तेवढ्या वेळात इकडे आम्ही तिघांनी, म्हणजे पुण्यात मी, तासगावात बाबा आणि न्यू जर्सीत नववा महिना भरलेली ताई, जिवाचं पाणी केलं होतं.

मी कस्टमर केअरला फोन लावला. पन्नास मिनिटं पियानो. मग एक अतिशय सभ्य आवाज आला. माहिती देता येणार नाही, डेटा प्रोटेक्शन, पॅसेंजर स्वतः लाईनवर हव्यात. मी म्हटलं, अहो, पॅसेंजर तुमच्याच काउंटरपासून पन्नास पावलांवर बसल्यात, त्यांच्याकडे लाईनच नाहीये, म्हणून तर मी फोन करतेय. "आय कम्प्लीटली अंडरस्टँड, मॅम. पॅसेंजरना लाईनवर घ्या."

मग जिजूंनी ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, कंपनीला टॅग करून चार सणसणीत ओळी लिहिल्या. अकरा मिनिटांत उत्तर! तासाभरात कुणीतरी आईला शोधत आलं, ट्रेमधून सँडविच आलं, लाउंजमधला सोफा मिळाला. म्हणजे सेवा होती, माणसंही होती. फक्त ती चारचौघांत बोंब मारणाऱ्यासाठी राखून ठेवली होती. राग आला तो या अकरा मिनिटांचा. बाकी दिरंगाई मी समजून घेतली असती. विमान हे यंत्र आहे, बिघडणारच.

सँडविचवरून आठवलं. तिकीट काढताना माझ्या मावसभावाने जेवणात 'हिंदू मील' टिक केलं होतं. कुणीही करेल. पण विमानाच्या भाषेत हिंदू मील म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे. त्यात गोमांस नसतं, एवढाच त्याचा अर्थ. चिकन, मटण, मासे चालतात. आपल्याला हवं असतं ते 'एशियन व्हेजिटेरियन', आणि कांदा-लसूण नको असेल तर 'जैन'. माळ घातलेल्या आमच्या आईने झाकण उघडलं, आत कोंबडी! बटर लावून पाव खाल्ला आणि पिशवीतल्या दशम्या काढल्या. याच महिन्यात कुणाच्या आईचं तिकीट काढणार असाल तर हे कात्रण जपून ठेवा.

एवढं होऊन आई पोचली. एक बॅग पोचली, दुसरी नाही. न पोचलेल्या बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, घरचा तीन किलो बेदाणा, झबली-टोपडी आणि एक वाकळ. पुण्यात गोधडी म्हणतात ती. आज्जी २०२१ मध्ये गेली. तिची तीन लुगडी आईने नातीसाठी काढून ठेवली होती. दोन महिने दुपारच्या दुपार बसून तिने ती वाकळ शिवली होती. बाळाला पहिल्यांदा घरात आणल्यावर त्याच वाकळीवर ठेवायचं, असं तिचं ठरलेलं.

ताईने नऊ महिन्यांचं पोट सांभाळत नेवार्कच्या काउंटरवर उभं राहून 'पीआयआर', म्हणजे बॅग हरवल्याचा रिपोर्ट लिहून घेतला. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तो कागद हातात घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पाऊल टाकू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅगेची जबाबदारी मॉन्ट्रियल करारानुसार ठरते. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. आली पण फाटकी-तुटकी, तर सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. भरपाईला वरची मर्यादा असते. आई गेली तेव्हा ती १२८८ 'एसडीआर' होती, रुपयांत साधारण एक लाख चाळीस हजार. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १५१९ झाली. आणि दोन कंपन्यांची विमानं बदललीत म्हणून 'त्यांना विचारा, त्यांना विचारा' चालू झालं, तर घाबरू नका. पहिली आणि शेवटची, दोघींपैकी कुणालाही धरता येतं.

बाविसाव्या दिवशी कंपनीचा फॉर्म आला. वस्तूचं वर्णन, खरेदीची तारीख, किंमत, पावती जोडा. बॅगेची पावती होती, झबल्यांची होती, टोपडी सांगलीच्या दुकानातली, त्यांचीही निघाली. वाकळीच्या ओळीपाशी ताई थांबली. फोनवर आईला विचारलं, काय लिहू? आई म्हणाली, "पावती कुठनं आनू? आज्जीला इचारतीस का?" आणि हसली. ताई मात्र फोन ठेवून खूप वेळ रडली. बाळ तेव्हा दोन आठवड्यांचं होतं.

पावती नाही, म्हणून वाकळ शून्य. बाकी मालाचा घसारा कापून कंपनीने १५० डॉलरचं व्हाउचर देऊ केलं, तेही त्यांच्याच पुढच्या तिकिटावर, वर्षाच्या आत वापरायचं!

इथे बाबा पेटले. तासगावच्या बेदाणा सौद्यात त्यांचं आयुष्य गेलंय. तिथेही शेतकरी काही राजा नसतो. सौद्यात मूठ-मूठ बेदाणा उधळून वाया घालवतात म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं ओरडत आलेत. पण त्यांचं म्हणणं एकच, "तिथं निदान समोर मानूस असतंय. गळपट्टी धरता येतीया." इथे कुणाची धरायची?

तर धरता येते, आणि तीही सांगलीत. ही गोष्ट आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हती. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं. जुन्या, १९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रार साधारण कंपनीचं ऑफिस असेल तिथे किंवा प्रकार घडला तिथे करावी लागायची. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. परदेशी सरकारी कंपनी असली तरी सुटका नाही. इथिओपियन एअरलाइन्सने एका भारतीय ग्राहकाविरुद्ध 'आम्ही परक्या देशाच्या सरकारचे, आमच्यावर इथे खटला कसा' असा पवित्रा घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, आई परत आल्यावर, आम्ही सांगलीच्या जिल्हा आयोगात ऑनलाईन तक्रार घातली. तेव्हा 'ई-दाखिल' होतं, २०२५ पासून त्या जागी 'ई-जागृती' आलंय. प्रकरण चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. कायद्यात नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. प्रयत्न चालू आहेत म्हणायचं. पण कंपनीच्या वकिलांना तारखेला सांगलीपर्यंत यावं लागतं, याचा बाबांना केवढा आनंद! एका तारखेला तर ते त्यांच्यासाठी द्राक्षाची पेटी घेऊन निघाले होते. आईने अडवलं.

शपथपत्रात मात्र आईने ऐकलं नाही. 'किंमत' या रकान्यात मी अंदाजे आकडा टाकला होता. तिने तो खोडायला लावला आणि सांगून लिहून घेतलं : नऊवारी लुगडी तीन, धोतराचं अस्तर एक, दोरा घरचा, दिवस ६२. वकील म्हणाले, कोर्टात असं चालत नाही. मग खाली कंसात आकडाही घातला. दोन्ही ठेवलंय.

येत्या दिवाळीनंतर ती परत जाणार आहे. या वेळी मुंबई-नेवार्क थेट विमान, तिकीट बावीस हजारांनी महाग, पण मध्ये कुठे उतरायला नको. फोनला इंटरनॅशनल पॅक, 'एशियन व्हेजिटेरियन' दोनदा तपासलंय. व्हीलचेअर घेऊ नको, असं तीच म्हणाली. एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत चार वाक्यं लिहून दे, ती दाखवेन. नवी वाकळ शिवून झालीय. आज्जीचं लुगडं आता एकच उरलं होतं, बाकी आईच्या स्वतःच्या साड्या. केबिन बॅगेत सात किलो चालतं. बाबांनी बेदाण्याच्या काट्यावर वजन केलं, दोन किलो नऊशे भरली. उरलेल्या चार किलोंत लाडू किती बसतात, याचा हिशोब सध्या घरी चालू आहे.