तीस गुंठ्यांचा हिशेब

अर्थशास्त्र शिकविण्याचा व्यवसाय आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें करीत आहों, आणि दर पावसाळ्यांत 'शेतजमिनीचें विभाजन व अपखंडन' हें प्रकरण आमच्या वाट्यास येतें. तें शिकविण्यास फार सोपें. बापाचें शेत एक, मुलगे चार, नातू बारा. फळ्यावर एक चौकोन काढावा, त्याचे चार तुकडे करावे, चारांचे बारा करावे, आणि उरलेल्या खडूनें खालीं 'न परवडणारें शेत' असें लिहून मोकळें व्हावें. मुलें तें उतरवून घेतात, परीक्षेंत जसेंच्या तसें लिहितात, आणि आम्ही त्यांस गुण देतों. या सर्व व्यवहारांत शेतकरी कोठेंच येत नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास शिळफाट्यावरचा एक चहा कारण झाला.

शिळफाटा म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशीं, जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर, खोपोलीच्या लगतचा फाटा. आम्ही तेथें कां गेलों होतों हें सांगण्यास थोडी लाज वाटते. पण तें सांगितल्यावांचून पुढील हकीकत अर्धवट राहील. निवृत्तीचे दिवस जवळ आले म्हणजे पांढरपेशा मनुष्यास डोंगराच्या कुशींत आपलें एक लहानसें घर असावें असें वाटूं लागतें. आमच्या एका स्नेह्यांस तें केव्हांच वाटून चुकलें होतें, आम्हांस नुकतेंच वाटूं लागलें होतें. दिवाळीनंतरच्या एका रविवारीं सकाळीं आम्ही दोघे दलालाची वाट पाहत फाट्यावरच्या टपरींत बसलों होतों. दलाल येण्यापूर्वींच साठीच्या घरांतले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि नमस्कार करून म्हणाले, "सर, माझा मुलगा तुमच्या वर्गांत होता. पदवीच्या समारंभाला मी आलों होतों."

मुलगा आम्हांस आठवला. पहांटेच्या लोकलनें येणारा, शेवटून दुसऱ्या बांकावर बसणारा, कधीं प्रश्न न विचारणारा. सध्यां तो पनवेलकडे एका मोठ्या गोदामांत कामास आहे. करार अकरा महिन्यांचा असतो, तो संपला म्हणजे नवा होतो, किंवा होत नाहीं. त्यांस आम्हीं बसविलें. चहा येईपर्यंत इकडचें-तिकडचें झालें, आणि मग त्यांनीं विचारलें, "सर, तुम्ही हाच विषय शिकवतां असं पोरगा सांगायचा. माझी तीस गुंठे जमीन आहे. गिऱ्हाईक आलंय. विकूं कीं ठेवूं?"

आजोबांच्या सातबाऱ्यावर सहा एकर होती. दोन मुलांत वांटणी होऊन तीन-तीन एकर झाली, आणि पुढें चार भावांत तीस-तीस गुंठे. आमच्या फळ्यावरचा चौकोनच तो! पण त्या चौकोनाचा जमाखर्च आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकला. पाऊस मनासारखा झाला तर तीस गुंठ्यांच्या खाचरांत आठ-दहा क्विंटल भात होतें. २०२४-२५ सालीं भाताचा सरकारी हमीभाव क्विंटलास २,३०० रुपये होता. म्हणजे दाणान् दाणा विकला तरी हातीं तेवीस हजार. त्यांतून नांगरट, खत, लावणी-कापणीची मजुरी वजा जाते. शिवाय लावणीस मजूर मिळत नाहींत, कारण मजुरी करणारे हात सकाळच्या गाडीनें पनवेल-ठाण्याकडे गेलेले असतात. "त्यांत माझ्या पोराचेहि दोन आलेच," ते हंसून म्हणाले. भात निघाल्यावर त्याच ओलीवर थोडे वाल होतात, तेवढें वरकड. विकीत ते कांहींच नाहींत. घरचा तांदूळ वर्षभर घरीं खातात.

आम्हांस पुष्कळ आंकडे पाठ आहेत. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली, तींत १७७१ सालीं सरासरी चाळीस एकरांचें असलेलें शेत १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आल्याचें दाखविलें आहे. महाराष्ट्राची सरासरी १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या कृषिगणनेंत १.३४ हेक्टर झाली. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत भारतांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये भरलें. त्यांत मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. ज्या धंद्यावरून 'शेतकरी' हें नांव पडलें, त्या धंद्यापेक्षां मजुरीच त्याच्या घरीं अधिक आणते. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. आणि तरीहि 'विकूं कीं ठेवूं' या तीन शब्दांस उत्तर सुचेना. आम्हीं "पत्रानें कळवितों" असें सांगितलें. उत्तर न येणाऱ्या अध्यापकाची ही जुनी युक्ति आहे.

इतक्यांत फाट्यावरून एक मालमोटार गेली. तींत कातकऱ्यांचीं कुटुंबें होतीं. बोचकीं, मडकीं, कोंबड्या, आणि सामानावर बसविलेलीं मुलें. उचल घेऊन वीटभट्टीवर निघालेलीं हीं माणसें पावसाळ्याच्या तोंडाशीं परत येणार. ज्यांच्यापाशीं एक गुंठाहि नाहीं, त्यांस वरील प्रश्न पडण्याचेंहि भाग्य नाहीं.

मग दलाल आला व त्यानें आम्हांस जागा दाखविली. जागा सुरेख होती. पांच लहान सातबारे एकत्र करून त्यांची बिनशेती करावयाची, असा त्याचा बेत होता. सरकारनें १९४७ सालीं तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा केला. पण शेतें एकत्र करण्याचें जें काम त्या कायद्यास नीटसें साधलें नाहीं, तें हा गृहस्थ एका हंगामांत उरकीत होता. फरक इतकाच कीं, एकत्र झालेल्या त्या जमिनींत पुढें भात व्हावयाचें नव्हतें. "चार मालक तयार आहेत," तो म्हणाला, "पांचवा म्हातारा तेवढा अजून अडून बसलाय." तो पांचवा कोण, हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं डॉ. आंबेडकरांचा १९१८ सालचा निबंध पुन्हां काढला. हिंदुस्थानांतील लहान शेतांची चर्चा करतांना त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, शेत लहान कीं मोठें हें नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाहीं. त्यावर राबणारीं माणसें, अवजारें आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरतें. आणि जमिनीवर पडलेला फाजील माणसांचा भार उद्योगधंद्यांनीं उचलल्याखेरीज या रोगास उतार नाहीं. हें आम्हांस आजहि खरें वाटतें. पण या मुलखानें तर तो उपाय फार पूर्वींच केला आहे! लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीस पोहोंचला आणि १८६३ सालीं घाट चढून वर गेला. घाटमाथ्यावरचें पाणी नळांतून खालीं आणून टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस वीज केली, आणि ती मुंबईच्या गिरण्यांस दिली. पाणी गेलें त्याच वाटेनें माणसेंहि गेलीं. मग तीस गुंठ्यांचा लोभ अजून सुटत कां नाहीं?

त्याचें उत्तर आम्हांस आमच्याच आठवणींत सांपडलें. जानेवारी १९८२ मध्यें मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, तेव्हां आम्ही लहान होतों. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि त्यांतले कितीतरी आपापल्या गांवीं परतले. कित्येकांची गिरणी पुन्हां उघडलीच नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत आमचा तो विद्यार्थीहि पायीं घरीं आला, आणि घरच्या तांदुळावर कुटुंबानें तो पावसाळा काढला, असें त्याचे वडील सहज बोलून गेले होते. शहर हात घेतें, माणूस घेत नाहीं. आजार, बेकारी, म्हातारपण हीं तें गांवाकडे परत पाठवितें. म्हणून तो तुकडा शेत म्हणून पाहूं गेल्यास तोट्याचा दिसतो. पण शेत म्हणून तो ठेवलेलाच नाहीं. तो विमा आहे, आणि त्याचा हप्ता म्हातारा आपल्या पाठीनें भरीत आहे. आमच्या मुलाबाळांची भविष्यनिर्वाह निधींत सोय आहे. त्याच्या मुलाची त्या खाचरांत.

आम्हीं पत्र लिहिलें. मुलाची नोकरी कायम होईपर्यंत जमीन विकूं नये. विकावीच लागली तर राहतें घर व त्यालगतचे दहा गुंठे राखावे, आणि आलेला पैसा लग्नांत वा गाडींत न घालतां व्याजीं ठेवावा, असें कळविलें. आमचा घराचा बेत आम्हीं सोडला. यांत फारसें पुण्य नाहीं. आमच्या स्नेह्यांनीं थोड्या अंतरावर दुसरी जागा घेतली, आणि तेथील जुना मालक आतां त्यांच्याच फाटकावर राखणदार आहे. माणूस विश्वासू आहे, असें ते सांगतात.

पत्रास उत्तर आलें नाहीं. वैशाखांत एके रात्रीं मुलाचा दूरध्वनि आला. आमचें पत्र त्यानें वडिलांस वाचून दाखविलें होतें. ते कांहीं बोलले नाहींत. मात्र त्यांनीं यंदा राब भाजला आहे, एवढें त्यानें सांगितलें. "आणि तुझा करार?" आम्हीं विचारलें.

"जूनमध्यें कळेल, सर," तो म्हणाला.