पॅरिसमधली अवघड चार मिनिटं

आयफेल टॉवर झाला? फोटोही काढून झाले? मग मेट्रो पकडा आणि मिरोमेनिल स्टेशनला उतरा. तिथून जवळच, ला बोएती रस्त्यावर 'साल गावो' हा १९०७ सालचा कॉन्सर्ट हॉल आहे. पियानोचं वेड असेल, तर इथे जायलाच हवं.

टोकाटा म्हणजे पियानोवरची बोटांची मॅरेथॉन. शुमानच्या टोकाटात एकेका हाताला दोन-दोन सूर एकदम पळवावे लागतात. प्रोकोफिएव्हचा १९१२चा टोकाटा म्हणजे तर चक्क हातोडे! दोन्ही भारीच. पण माझा फेवरेट रावेलचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघडही तोच.

पहिल्या महायुद्धात रावेल लष्कराचा ट्रक चालवायचा. युद्धात गेलेल्या मित्रांसाठी त्याने सहा भागांची एक रचना केली, १९१७ मध्ये ती पूर्ण झाली. शेवटचा भाग म्हणजे हा टोकाटा. तो जोसेफ द मार्लियाव्हला अर्पण केलाय. जोसेफ ऑगस्ट १९१४ मध्येच मारला गेला होता.

११ एप्रिल १९१९ला याच हॉलमध्ये ती रचना पहिल्यांदा वाजली. पियानोवर होती मार्गरीत लाँग. जोसेफची बायको.

आणि हे संगीत रडकं अजिबात नाही! एकच सूर झपाझप ठोकत ते धावत सुटतं आणि शेवटी लख्ख उजळतं. नवऱ्याच्या आठवणीत हे वाजवताना हात थरथरून चालत नाही.

जाण्याआधी हॉलचा प्रोग्रॅम बघून घ्या. कॉन्सर्ट नसेल, तर बाहेर फुटपाथवर उभं राहून हेडफोन लावा. चारच मिनिटं लागतात.