काल रात्रीचा पाव

परीक्षक बाईंनी पाव उचलला, उलटा करून बघितला आणि विचारलं, "कधी केलाय हा?"

"काल रात्री."

"म्हणजे शिळा!" कागदावर काहीतरी खरडून त्या पुढच्या ताटाकडे गेल्या. सुरी लावली नाही, तुकडा मोडला नाही. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

गाव अंबाजोगाई, 2023 ची संक्रांत, हळदीकुंकवाला जोडून पाककला स्पर्धा. ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष, म्हणून ज्वारी-बाजरीचा वेगळा गट. मी ज्वारी घातलेला सावरडो नेला होता, बाजारचं यीस्ट न घालता, पीठ-पाण्याच्या आंबलेल्या विरजणावर फुगवलेला पाव. लॉकडाऊनमध्ये जगाला त्याचं वेड लागलं, त्यात मीही.

नियम होता, पदार्थ ताजा असावा. पोह्यांना ठीक आहे. पण हा पाव भट्टीतून काढल्या काढल्या कापला तर आत गिच्च लागतो. तो पूर्ण निवावा लागतो, आणि चव खरी दुसऱ्या दिवशी उतरते. आंबटपणामुळे बुरशीही लवकर धरत नाही. शिवाय आमच्याकडे दिवसा लाइट कधी जाईल सांगता येत नाही, ओव्हन रात्रीच लावायचा. ज्वारीत ग्लुटेन नाही, जास्त घातली की पाव बसतो. म्हणून एक वाटी ज्वारी, तीन वाट्या गहू. त्यात बालाघाटावरची थंडी, पीठ फुगता फुगेना. भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. यातलं काही सांगायला मला कुणी वेळ दिला? कागदावर आधीच 'शिळा' असा शेरा पडला होता.

पहिला नंबर नाचणीच्या केकला. केक छान होता, मी दोन तुकडे खाल्ले. तो आदल्या दिवशी भाजून ठेवला होता, क्रीमची फुलं तेवढी सकाळी काढली, हे केक करणारीनंच मला सांगितलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं!

ज्या जिल्ह्यातली माणसं रात्रीच्या भाकरी फडक्यात बांधून पहाटे ऊस तोडायला फडावर उतरतात, तिथं रात्रीच्या पावाला नाक मुरडायचं? घरोघर ताकातली आंबील होते, तिला कुणी नासकी म्हणतं का? गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेवर पाव फुगवायचे. आंबवणं आपल्याला नवं नाही. माझं म्हणणं एवढंच, परीक्षकानं निदान चाखावं. ताटावर नावाऐवजी नंबर ठेवावा, आणि वेळ विचारायची तर सगळ्यांना विचारावी.

सासूबाई म्हणाल्या, "बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यासाठी एवढं काय गं?" बरोबरच आहे. असल्या स्पर्धांना काही अर्थ नसतो. पण तो डबा मिळाला असता तर मी आठवडाभर ओट्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला असता, हेही खरं.

पुढे एकदा त्याच परीक्षक बाई दारात. हातात बरणी. "तुमचं ते विरजण थोडं देता का? सुनेला करून बघायचंय." मनात आलं, शिळं आहे म्हणून सांगावं. पण दिलं. वर पीठ किती, पाणी किती, तेही लिहून दिलं. का दिलं, माझं मलाच कळत नाही.

आता त्यांचा फोन येतो, "अहो ताई, बुडबुडेच येत नाहीत." मी म्हणते, "थंडी आहे, गॅसच्या शेगडीजवळ ठेवा. आणि पाव केलात तर रात्रीच करा."

"रात्री का?"

"लाइट असते," म्हणाले.